गॅरेजचा कट्टा : टॅपेट पंधरावर, तरी आवाज कुठला?

या महिन्यात पत्रं बरीच साठली आहेत, त्यातली चार घेतो. पहिल्यालाच जास्त जागा लागणार आहे. बाकीच्यांनी राग मानू नये.

प्रश्न : आजोबा तंबाखूच्या धंद्यात असताना त्यांनी घेतलेली १९६८ सालची अँबॅसडर मार्क टू आमच्याकडे आहे. इंजिन मूळचंच, पेट्रोल, १४८९ सीसी. अकरा वर्षं गाडी वखारीत उभी होती, गेल्या दिवाळीला चालू केली. स्टार्टिंग चांगलं आहे, पण टॅपेटचा आवाज काही केल्या जात नाही. एका मिस्त्रीने १५ थाऊला सेट केले, दुसऱ्याने १२ ला, तिसऱ्याने १० ला. दहाला आवाज बराच कमी झाला, पण तवंदी घाट चढताना गाडी दम टाकते आणि सायलेन्सरमधून फटफट ऐकू येते. एक जण म्हणतो, हे इंजिन काढून डिझेल बसवा. रॉकर बदलायचे तर मिळत नाहीत म्हणे. काय करावं? – एक वाचक, निपाणी

उत्तर : डिझेलचं नंतर बघू. आज संध्याकाळी गाडी गरम करा आणि आठही टॅपेट परत १५ थाऊवर आणा. तोवर घाटाकडे फिरकू नका.

थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, हे नव्या वाचकांसाठी. कॅम खालच्या टॅपेटला ढकलतो, टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड रॉकरला, आणि रॉकर व्हॉल्व्ह दाबून उघडतो. रॉकर आणि व्हॉल्व्हचं टोक यांच्यात जी फट ठेवतात, ती लावणं म्हणजेच आपल्या बोलीत टॅपेट सेट करणं. १५ थाऊ म्हणजे ०.३८ मिलिमीटर, लग्नपत्रिकेच्या जाड कागदाएवढी फट. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जाळात उभा असतो, आणि त्याला गार व्हायला मिळतं ते मुख्यतः सीटवर, म्हणजे हेडमधल्या आपल्या बैठकीवर, टेकलेला असतो तेवढ्या वेळात. तापून तो लांबतो. फट कमी ठेवली की लांबलेला व्हॉल्व्ह पुरता बसत नाही, कडेने जाळ निसटतो आणि तेवढ्या जागी उंदराने कुरतडल्यासारखी कड जळून जाते. तुमची फटफट मला त्याच्या सुरुवातीची वाटते. कॉम्प्रेशन तपासून घ्या. एखादा सिलिंडर बाकीच्या तिघांपेक्षा बराच खाली असेल तर हेड उतरवावंच लागेल, मग खाली सांगतोय ते सगळं एकाच खोलण्यात उरका. आमच्या गॅरेजात एक बोलणं होतं, टॅपेट बोलतोय तोवर झोप, गप्प झाला की ऊठ. तिसऱ्या मिस्त्रीने आवाज घालवला, आणि त्याबरोबर व्हॉल्व्हचा विसावाही.

आता खरा प्रश्न. पट्टीने मोजून पंधरावर ठेवलं तरी वाजतंय, याचा अर्थ ती फट पंधरा नाही.

१९७४ साली बेळगावात फोर्ट रोडवरच्या एका गॅरेजात मी पाने धुवायला लागलो. तिथे अशीच एक काळी अँबॅसडर आली. मी फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, घेऊन तीनदा टॅपेट लावले. तिन्ही वेळा पट्टी जशी हवी तशी, जरा अडखळत सरकायची, आणि कव्हर बसवून गाडी चालू केली की टकटक हजर. उस्ताद स्टुलावर बसून चहा पीत बघत होते. शेवटी म्हणाले, "गेज ठेव खाली. नख फिरव."

रॉकरचं जे तोंड व्हॉल्व्हच्या टोकावर टेकतं, त्यावर अंगठ्याचं नख फिरवलं तर मधे ते अडकलं. व्हॉल्व्हच्या टोकाच्या रुंदीचा एक चर पडला होता, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना मूळची कड तशीच उंच होती. खड्ड्यावर फळी टाकून चालत गेलात तर खड्डा किती खोल ते पायाला कळत नाही. फिलर गेजची पट्टी ही ती फळी. ती दोन कडांवर टेकते आणि १५ दाखवते. व्हॉल्व्हचं टोक मात्र चरात शिरतं. चर ८ थाऊचा असला तर खरी फट झाली २३. मग वाजेल नाही तर काय करेल? एवढ्यासाठी मी पोरांना सांगतो, जुन्या इंजिनात पहिलं हत्यार नख.

तुम्हीही रॉकर न काढता हे बघू शकता. कव्हर उघडा, टॉर्च बाजूने मारा आणि एकेक रॉकर हलवून त्याच्या तोंडाखाली डोकवा. त्याचबरोबर रॉकर दोन बोटांत धरून आडवा डुलवून बघा. ज्या दांड्यावर तो ओवलेला असतो त्या शाफ्टवर घंटेसारखा डुलत असेल तर बुशही, म्हणजे रॉकरच्या भोकातली नळीही, गेलीय. अकरा वर्षं उभी असलेल्या गाडीत दोन्ही सापडतील, अशी माझी अटकळ.

रॉकर शाफ्ट काढायचा म्हटलं की घाई होते, आणि इथेच एक धडा मी स्वतःच्या कर्माने शिकलोय. १९८१ ची गोष्ट. शहापुरातल्या एका कुटुंबाची अँबॅसडर, दुसऱ्या दिवशी वऱ्हाड घेऊन संकेश्वरला जायची होती. रात्री नऊला रॉकर काढले, एक बुश बदलला, अकराला परत बसवले आणि खुशीत घरी गेलो. सकाळी डिपस्टिक काढली तर तिच्यावर ऑइल नव्हतं, चहा होता. दूध जरा जास्त झालेला. या इंजिनाच्या हेडला अकरा नट, आणि त्यातले चार रॉकरचा शाफ्ट धरणाऱ्या स्टँडमधूनच खाली जातात. मी फक्त रॉकरचे नट सोडले. बाहेरचे सात कसलेलेच राहिले, हेडवर वाकडा ताण आला आणि पाण्याने वाट काढली. वऱ्हाड बसने गेलं. नवऱ्या मुलाच्या मामांनी पुढे कधीही मला बाजारात ओळख दाखवली नाही, आणि ते बरोबरच होतं.

तेव्हा आधी रेडिएटरचं पाणी सोडा. मग बाहेरचे सात आणि स्टँडचे सगळे नट थोडे थोडे, आलटून पालटून ढिले करा. परत कसताना मधून बाहेरच्या दिशेने, टॉर्क पान्ह्याने, आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तकातला. माझं विचाराल तर नवं हेड पॅकिंग आणून ठेवल्याशिवाय पान्हा लावूच नका.

शाफ्ट बाहेर आला की त्यावरचे रॉकर, स्प्रिंगा, वायसर, स्टँड निघतील त्याच क्रमाने एका तारेत ओवून ठेवा. पुशरॉड काढताना सरळ उपसू नका. ऑइलच्या चिकटीने खालचा टॅपेट त्याच्याबरोबर वर येतो आणि वाटेत सुटून आडवा पडतो. पुशरॉड आधी गोल फिरवा, चिकट तुटली की मग उचला. पुठ्ठ्याच्या खोक्याला आठ भोकं पाडून १ ते ८ क्रमाने खोचून ठेवा. सरळ आहेत की नाही ते काचेवर लोळवून बघा. दुकानाच्या काउंटरची काच चालते. वाकडा रॉड लोळताना उड्या मारतो.

शाफ्ट चिंधीने पुसून त्याच्या खालच्या बाजूवरून परत नख फिरवा. वरून तो आरशासारखा दिसेल. एका टोकाला पुशरॉड रॉकरला वर ढकलतो, दुसऱ्या टोकाला व्हॉल्व्हची स्प्रिंग वर ढकलते, म्हणून सगळा भार शाफ्टच्या पोटावर येतो आणि झीज तिथेच होते. प्रत्येक रॉकरच्या जागी एक पायरी लागेल. शाफ्ट अर्धा फिरवून चांगली बाजू खाली घेऊ, असं सुचवणारा कुणी ना कुणी भेटतोच. त्याला नमस्कार करा. शाफ्टची जागा स्टँडमधल्या एका स्क्रूने ठरलेली असते आणि ऑइलची भोकंही ठरलेल्या बाजूलाच हवीत. झिजलेला शाफ्ट बदलायचा, दुसरा इलाज नाही.

शाफ्ट पोकळ आहे, आणि ऑइल ब्लॉकमधून हेडमध्ये, हेडमधून एका स्टँडमध्ये आणि तिथून शाफ्टच्या पोकळीत येतं. टोकाचा प्लग काढून आतली नळी साफ केल्याशिवाय काहीही जोडू नका. तुमच्या गाडीत आत डांबरासारखा काळा गोळा निघाला तर आश्चर्य वाटायला नको. बुश सैल झाले की ऑइल जवळच्या रॉकरांपाशीच गळून जातं आणि लांबचे कोरडे राहतात. म्हणून बहुतेक गाड्यांत एका टोकाचे रॉकर जास्त खाल्लेले दिसतात.

बुशांसाठी तुम्हाला कोल्हापूर काय आणि बेळगाव काय, दोन्ही सारखंच. बेळगावच्या उद्यमबागेत लेथला तोटा नाही. फक्त गडबडीचा माणूस नको. माझ्याकडे वीस वर्षं एक लेथवाला होता. कुणी काम लवकर मागितलं की मान वर न करता म्हणायचा, "निधान माडप्पा", म्हणजे दमानं घे बाबा. असा माणूस शोधा. त्याला फॉस्फर ब्राँझचा बार द्या, पितळ देऊ नका. नवा शाफ्ट पाच सुताचा, म्हणजे ६२५ थाऊच्या आतबाहेर. बुश रॉकरमध्ये दाबून बसवल्यावर मगच रीमर मारायचा, आधी नाही, कारण दाबल्यावर तो आकसतो. शाफ्टपेक्षा साधारण एक थाऊ मोठा ठेवायचा. जुना रॉकर बघून ऑइलचं भोक बुशातून आरपार पाडायला विसरू नका. हे विसरलेले रॉकर मी डोळ्यांनी पाहिलेत, एका हंगामात शाफ्ट खातात. तपासणी सोपी आहे. शाफ्टला ऑइल लावा, रॉकर आडवा धरून सोडा. तो स्वतःच्या वजनाने हळूच खाली यायला हवा, आणि बाजूला हलवला तर हलता कामा नये.

रॉकरच्या तोंडाचं काम मात्र सांभाळून. त्याची वरची कातडी कडक केलेली असते आणि ती पातळ असते. चर दोन-तीन थाऊचाच असेल तर ऑइलस्टोनवर, तोंडाचा बाक न मोडता, हलक्या हाताने काढता येतो. सपाट केलात तर सगळं बिघडलं. बाक असतो म्हणून रॉकर व्हॉल्व्हच्या टोकावरून लोळत जातो. सपाट तोंड व्हॉल्व्हला कडेने ढकलतं आणि व्हॉल्व्ह ज्यात सरकतो ती गाईड खातं. खोल चर असेल तर ज्यांच्याकडे व्हॉल्व्ह ग्राइंडिंगचं जुनं मशीन आहे त्यांना विचारा, पुष्कळ मशीनांना रॉकर घासायची जोडणी असते, ती कुठल्या तरी कपाटात धूळ खात पडलेली असेल. घासून झालं की कडेला बारीक कानस लावून बघा. कानस घसरली तर कातडी शाबूत आहे. कानस लागली, म्हणजे खालचं मऊ पोलाद उघडं पडलं, तो रॉकर महिन्याभरात परत चर पाडणार. त्याच्यावर हार्डफेसिंगच्या, म्हणजे कडक थर देणाऱ्या, रॉडने भर टाकून परत आकार देता येतो. मी केलंय आणि टिकलंयही. पण साध्या वेल्डिंग रॉडने भर टाकून देतो म्हणणाऱ्याच्या हातात रॉकर देऊ नका. व्हॉल्व्हच्या टोकावरही असाच खळगा असतो, तो ग्राइंड करून सपाट करून घ्या, नाहीतर नवा रॉकर जुन्या खळग्यावर बसेल.

रॉकरच्या दुसऱ्या टोकाला टॅपेट स्क्रू असतो. त्याची खालची गोळी आणि पुशरॉडची वाटी या दोघांचं जमलेलं असतं. गोळी चपटी झाली असेल तर स्क्रू नवा घ्या.

एवढं करून हेडचं काम संपलं. खालचे टॅपेट मॅनिफोल्डखालच्या दोन साइड कव्हरांतून निघतात. कव्हरं काढायचा कंटाळा करू नका, पॅकिंगं नाहीतरी गळतच असणार. एकेक टॅपेट काढून त्याचं बूड बघा. चांगलं बूड चमकतं आणि त्यावर बारीक गोल गोल रेषा असतात. खड्डे असतील, पापुद्रे निघाले असतील किंवा एकच सरळ पट्टा उमटला असेल तर तो मेला. आणखी एक युक्ती. दोन टॅपेट बुडाला बूड लावून उजेडाकडे धरा. नवा टॅपेट अगदी किंचित फुगीर असतो, त्यामुळे मधे टेकतो आणि कडेने उजेड दिसतो. तुम्हाला मधे उजेड दिसला तर बूड खोलगट झालंय, आणि मग कॅमशाफ्टही बघावा लागेल. प्रत्येक पुशरॉडवर डायल गेज लावून इंजिन हाताने फिरवा आणि आठ जणांची उचल लिहून काढा. इनलेटची इनलेटशी, एक्झॉस्टची एक्झॉस्टशी तुलना करा. एखादा खूप मागे असेल तर त्याच्या कॅमचं नाक झिजलंय.

जोडल्यावर टॅपेट लावताना नवाची बेरीज. आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असताना पहिला सेट करा, सातवा दाबलेला असताना दुसरा, सहाव्याला तिसरा, दोन्ही मिळून नऊ. आधी प्लग काढून सेल्फ मारा आणि आठही रॉकरांतून ऑइल पाझरलेलं डोळ्यांनी बघा, मगच प्लग लावा.

रॉकर मिळत नाहीत, हे अर्धंच खरं. उत्तरपाड्याचा कारखाना २०१४ साली बंद पडला, पण गाड्या इतक्या होत्या की कोलकात्याच्या मल्लिक बाजारात जुना माल अजून निघतो. शिवाय तुमचं इंजिन मुळात बीएमसीच्या, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या, बी सिरीजचं. विलायतेतल्या एमजी गाड्यांत याच घराण्यातली इंजिनं आहेत, आणि त्या लोकांना जुन्या गाड्यांचं वेड असल्यामुळे रॉकर शाफ्ट आणि बुश तिकडे अजून नवे तयार होतात. घराणं एक असलं तरी मागवण्यापूर्वी मायक्रोमीटरने माप जुळवा.

आणि ते डिझेल बसवा म्हणणारे गृहस्थ भेटले तर त्यांना एवढंच विचारा, अँबॅसडरच्या १४८९ सीसी डिझेल इंजिनात व्हॉल्व्ह कशाने उघडतात? पुशरॉड आणि रॉकरनेच की.

प्रश्न : माझी अँबॅसडर १९७२ ची, दोन वर्षांपूर्वी इंजिनाचं पूर्ण काम झालंय. दर दीड-दोन हजार किलोमीटरला टॅपेट आपोआप घट्ट होतात, आणि ते फक्त एक्झॉस्टचे. मिस्त्री म्हणतो लॉक नट फिरत असेल. कोल्हापूरला महिन्यातून चार फेऱ्या होतात. – एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : नट ढिला झाला तर फट वाढेल किंवा कमी होईल, पण चारही एक्झॉस्ट नेमके घट्टच होणार नाहीत. तुमचे व्हॉल्व्ह सीटमध्ये बुडतायत. व्हॉल्व्ह वर सरकला की त्याचं टोक रॉकरच्या जवळ येतं आणि फट खाऊन टाकतं.

या हेडमध्ये सीट वेगळी नाही, हेडच्याच बिडात कापलेली आहे. पूर्वी पेट्रोलमध्ये शिसं असायचं. ते व्हॉल्व्ह आणि सीटच्या मधे एक पातळ थर देऊन ठेवायचं. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसं बंद झालं. हवेच्या दृष्टीने ते उत्तमच झालं, माझी त्याबद्दल तक्रार नाही. पण मऊ बिडाच्या सीटवर तापलेला व्हॉल्व्ह क्षणभर चिकटतो, उघडताना कण उपटून नेतो, आणि सीट खाली खाली जाते. गावात हळू फिरणाऱ्या गाडीला वर्षानुवर्षं काही होत नाही. हायवेला नव्वदने दोन-दोन तास पळणाऱ्या गाडीला होतं, आणि तुमच्या महिन्याला चार फेऱ्या आहेत.

इलाज एकच, चारही एक्झॉस्टला कडक सीट रिंग बसवून घ्या. हेड बोअर करून रिंग दाबून बसवायची, मग सीट कटिंग. पूर्ण काम झालं तेव्हाच हे व्हायला हवं होतं. रिंग बसवणाऱ्याला विचारा, बोअर किती थाऊ कमी ठेवतोस. उत्तर चटकन आलं तर हेड द्या, डोकं खाजवायला लागला तर परत घेऊन या. तोवर दर हजाराला टॅपेट तपासा आणि साठ-सत्तरच्या वर जाऊ नका.

हल्ली सगळा दोष पेट्रोलमध्ये मिसळलेल्या, उसापासून केलेल्या इथेनॉलवर जातो. आपल्या भागात साखर कारखाने चिकोडीपासून गोकाकपर्यंत, तेव्हा या विषयावर बोलताना लोक जरा दबकून बोलतात. सीट बुडणं हे इथेनॉलचं काम नाही. त्याने जुने रबरी पाइप, पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरच्या आतली पॅकिंगं खराब होतात. ती बदला आणि उसाला बोल लावू नका.

प्रश्न : मी उद्यमबागेतल्या एका कॉलेजात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. जुन्या इंजिनाचं काम करताना मिस्त्री म्हणाले, नव्या कॅमवर जुने टॅपेट घालायचे नाहीत आणि पहिली वीस मिनिटं गाडी आयडलवर ठेवायची नाही. कारण विचारलं तर म्हणाले, असंच असतं. – एक विद्यार्थी

उत्तर : तुमच्या मिस्त्रींचं दोन्ही बरोबर आहे. कारण मी सांगतो, तुम्ही जाऊन त्यांना सांगू नका.

टॅपेटचं बूड किंचित फुगीर असतं हे वर आलंय. कॅमचं नाकही नुसत्या डोळ्यांना न कळण्याइतकं तिरपं घासलेलं असतं, आणि ते टॅपेटच्या बरोबर मधे न येता जरा बाजूला टेकतं. त्यामुळे प्रत्येक उचलीबरोबर टॅपेट थोडा थोडा स्वतःभोवती फिरतो, जात्यात दाणा फिरत जावा तसा. फिरतो म्हणून झीज सगळीकडे वाटली जाते. पहिल्या काही मिनिटांत ही जोडी एकमेकांना घासून जुळवून घेते. जुना टॅपेट दुसऱ्या कॅमच्या मापाने झिजलेला असतो, तो नव्या कॅमवर फिरत नाही, एकाच जागी घासतो, आणि कॅमचं नाक जातं. उलटही तेच. चांगले जुने टॅपेट आणि जुना कॅम परत वापरायचे असले तर ज्याचा टॅपेट त्याच्याच जागी गेला पाहिजे.

आयडलचं कारण ऑइल. या कॅमला ऑइल मुख्यतः क्रँकशाफ्टच्या फेकीतून मिळतं. आयडलवर फेक कमी पडते. म्हणून नवा कॅम चालू झाल्याबरोबर २००० आरपीएमच्या आसपास ठेवायचा, थोडा वर-खाली करत, वीस मिनिटं. कॅमला आणि टॅपेटच्या बुडाला आधी मॉलिब्डेनमचं ग्रीस चोपडायचं. ऑइल २०डब्ल्यू-५० घ्या. नव्या गाड्यांच्या पातळ ऑइलमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसाठी फॉस्फरस कमी केलेला असतो, आणि अशा घासत चालणाऱ्या टॅपेटला वाचवणारं द्रव्य तेच आहे. पातळ ऑइल महाग म्हणून चांगलं, असं इथे चालत नाही.

प्रश्न : खानापूरकडे शेतावर महिंद्रची जुनी पेट्रोल जीप आहे, हरिकेन इंजिन. टॅपेट सेट करायला कव्हर काढलं तर चारच रॉकर दिसतात. बाकीचे चार व्हॉल्व्ह कुठे गेले? कुणी काढून नेलेत का? – एक वाचक, जांबोटी

उत्तर : कुणी नेलेले नाहीत. या इंजिनात इनलेटचे चार व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, रॉकरवर चालतात. एक्झॉस्टचे चार खाली ब्लॉकमध्ये उभे असतात आणि त्यांना रॉकर लागतच नाही, टॅपेट थेट ढकलतो. ब्लॉकच्या बाजूला एक कव्हर आहे, चिखल आणि ग्रीसखाली बहुधा झाकलं गेलं असेल, ते काढा. इनलेटला १८ थाऊ, एक्झॉस्टला १६, आणि हे इंजिन थंड असताना, अँबॅसडरसारखं गरम नाही. बाजूचं कव्हर काढल्यावर खाली ऑइल परत जायची भोकं दिसतील. त्यांत आधी चिंध्या कोंबा. तिथून एखादा वायसर निसटला तर सरळ ऑइलच्या चेंबरमध्ये जातो, आणि चेंबर उतरवायला जांबोटीत उजेडी एक दिवस पुरत नाही. काम झालं की चिंध्या मोजून काढा.